क्रिस्तपुराणातील श्रोत्याचा प्रश्न

गोमंतकाच्या इतिहासाची चर्चा निघाली की क्रिस्तपुराणाविषयी आपल्या समाजात दोन निर्णय तयार असतात, आणि दोन्ही निर्णय बहुधा ग्रंथ न उघडता दिलेले असतात. पहिला निर्णय मराठीच्या अभिमान्यांचा. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज पाद्र्याने मराठीची जी स्तुती केली आहे, तेवढ्या चार-पाच ओव्या क्रमिक पुस्तकांतून पुष्कळांना मुखोद्गत झालेल्या असतात. परका माणूसदेखील आमच्या भाषेवर लुब्ध झाला, एवढ्यावर त्यांचे समाधान होते; उरलेल्या सुमारे अकरा हजार ओव्या त्यांच्या लेखी असून नसल्यासारख्या. दुसरा निर्णय आपल्या देवस्थानांच्या परिसरात ऐकू येतो. ज्यांच्या राज्यामुळे श्रीमंगेशाला कुशस्थळीहून प्रियोळास, श्रीशांतादुर्गेला केळशीहून कवळ्यास आणि श्रीमहालसेला वेर्ण्याहून म्हार्दोळास जुवारी ओलांडून जावे लागले, त्यांच्या पोथीशी आपले काय कर्तव्य? पुराण हे नाव म्हणजे गळाला लावलेले आमिष, एवढे म्हटले की विषय संपतो.

वकिली पेशातल्या माणसाला या दोन्ही निर्णयांत एकच दोष दिसतो. साक्षीदार हजर आहे, त्याची जबानी कागदावर आहे, आणि ती कोणी वाचलेली नाही. ही जबानी वाचताना ग्रंथावरील तारखांकडे आधी पाहावे, असे मला सुचवावयाचे आहे. क्रिस्तपुराण राशोल येथे १६१६ साली प्रथम छापले गेले, हे सर्वत्र सांगितले जाते. परंतु ते पुन्हा १६४९ साली आणि तिसऱ्यांदा १६५४ साली छापले गेले, आणि तोवर ग्रंथकर्त्याला जाऊन तीस वर्षे होऊन गेली होती. युरोपात धर्म आणि राज्य यांची गाठ जेव्हा सर्वांत जास्त ताणली गेली होती नेमक्या त्या वर्षांत सासष्टीतील एक मराठी पुराण दोनदा छापावेसे वाटते, ही गोष्ट साधी नव्हे.

प्रथम ग्रंथकर्त्याविषयी. स्टीफन्स इंग्लंडातील विल्टशर परगण्यात १५४९ च्या सुमारास जन्मला. त्याच्या तरुणपणी एलिझाबेथ राणीच्या राज्यात रोमच्या धर्माला चिकटून राहणे हा राजद्रोहाचा मार्ग ठरू लागला होता. त्याचा मित्र थॉमस पाउंड कैदेत पडला. स्टीफन्स रोमला निसटला, १५७५ साली येशूसंघात दाखल झाला आणि ऑक्टोबर १५७९ मध्ये गोव्यास पोहोचला. दोनच वर्षांनी, १५८१ मध्ये, एडमंड कँपियन या त्याच्याच संघातील इंग्रज पाद्र्याला लंडनमध्ये फाशी दिले गेले. म्हणजे हा मनुष्य धर्मासाठी स्वदेशास मुकलेला निर्वासित होता. तो गोव्यास आल्यावर वर्षभरात पोर्तुगालचा मुकुट स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेला, आणि याच फिलिपने १५८८ साली लिस्बनहून इंग्लंडवर आरमार पाठविले. आपल्या जन्मभूमीच्या शत्रूच्या छत्राखाली सासष्टीतील खेड्यांतून चाळीस वर्षे काढून स्टीफन्स १६१९ मध्ये वारला. पोर्तुगीजांनी १५८३ मध्ये राल्फ फिच प्रभृती इंग्रज व्यापाऱ्यांना गोव्यात कैद केले तेव्हा त्यांना सोडविण्यास त्याने साहाय्य केले. पण पुढे इंग्रजांचा या देशाशी जो संबंध आला त्याच्याशी त्याचे नाते जोडू पाहणे व्यर्थ आहे.

सोळाव्या शतकातील युरोपाने आपल्या धर्मकलहावर एक तोडगा काढला होता. ऑग्झबर्गच्या १५५५ च्या तहाचे सूत्र पुढे असे रूढ झाले : ज्याचे राज्य, त्याचा धर्म. राजाचा धर्म न मानणाऱ्याला एकच सवलत, ती म्हणजे मालमत्ता विकून दुसऱ्या राजाच्या मुलखात जाणे. हे सूत्र जर्मन संस्थानिकांपुरते होते. गोव्याच्या व्हाइसरॉयला ते कोणी लागू केले नव्हते. तरीही त्याच दशकात, त्याच न्यायाने, तिसवाडी, बार्देश आणि सासष्टीत जे घडले ते आपल्या घराघरांत ठाऊक आहे. राशोलचा कप्तान दियोगु रोद्रिगिश याने १५६७ साली सासष्टीतील देवळे पाडण्याची मोहीम चालविली. आणि आपल्या पूर्वजांनी काय केले? त्यांनी देवांसह शेजारच्या राजाच्या मुलखात स्थलांतर केले. अंत्रुज महाल तेव्हा आदिलशाहीत होता. ऑग्झबर्गच्या पंडितांनी जो हक्क कागदावर लिहून ठेवला, तो आपल्या लोकांनी होडीत बसून बजावला, आणि तोही मालमत्तेची किंमत पदरात न पाडता. प्रियोळ, कवळे, म्हार्दोळ, बांदिवडे ही नावे आपण तीर्थक्षेत्रे म्हणून घेतो. युरोपच्या इतिहासाच्या भाषेत ती निर्वासितांची गावे आहेत.

ज्या राशोलच्या किल्ल्यातून मोहीम निघाली, त्याच राशोलात एका पिढीनंतर हे पुराण छापले गेले. या योगायोगावर भावनेने पुष्कळ लिहिता येईल, परंतु इथे ग्रंथाच्या रचनेकडेच वळले पाहिजे. कारण खरी मौज तिथे आहे.

पुराणाचे म्हणून एक रूप असते. वक्ता असतो, श्रोता असतो. श्रोता शंका विचारतो, वक्ता निरसन करतो आणि त्या निरसनातून कथा पुढे सरकते. जनमेजयाने विचारले म्हणून वैशंपायन सांगतो. लष्करातल्या जुन्या मराठी वाड्यांतून चातुर्मासात पोथी लागत असे तेव्हाही हेच चाले. कंटाळलेला श्रोता डुलक्या घेई, पण एखादी विधवा आजी मधेच विचारी आणि पुराणिकबुवांना थांबून उत्तर द्यावे लागे. या रूपात श्रोत्याचा प्रश्न हा अलंकार नाही. तो चौकटीचा खांब आहे. स्टीफन्सने ओवी घेतली, अवस्वरांची विभागणी घेतली, वैकुंठ, यमपुरी, मोक्ष, गुरू हे शब्द घेतले, आणि त्यांबरोबर हा खांबही घेतला. येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. पहिल्या आवृत्तीच्या पोर्तुगीज शीर्षकात हा ग्रंथ म्हणजे येशूच्या जगातील आगमनावरील प्रवचन, असे म्हटले आहे. प्रवचनात श्रोता गप्प बसतो. पुराणात तो बोलतो. शीर्षक एक सांगते आणि ग्रंथाची ठेवण दुसरेच करते.

मग श्रोता काय बोलतो? पहिल्या पुराणाच्या आरंभीच, धर्मांतर केलेला सासष्टीतील एक ब्राह्मण पाद्री-गुरूला विचारतो. त्याच्या म्हणण्याचा आशय असा : आमची पूर्वीची पुराणे आपण वर्ज्य केली, मग त्यांच्या जागी आम्हाला वाचावयास, मन रमवावयास दुसरे पुराण का देत नाही? सगळा ग्रंथ या प्रश्नाचे उत्तर म्हणून अवतरतो.

हा प्रश्न मी जितक्या वेळा वाचला तितक्या वेळा मला त्यात कोर्टाच्या भाषेतील कबुली दिसली. पुराव्याच्या कायद्यात पक्षकाराने स्वतःच्या हिताविरुद्ध केलेल्या विधानाला विशेष वजन असते, कारण खोटे बोलण्यात त्याचा लाभ नसतो. गोव्यात पोथ्या हिरावल्या गेल्या, ही आपली तक्रार. ती आपण केली तर ती पक्षपाताची ठरते. पण इथे ती राशोलच्या छापखान्यातून, येशूसंघाच्या ग्रंथात, कागदोपत्री आली आहे. त्या काळी गोव्यात पुस्तक छापावयाचे तर इन्क्विझिशनचे न्यायासन, आर्चबिशप आणि संघाचा प्रांताधिकारी यांची अनुमती लागे. एवढ्या चाळण्यांतून हे वाक्य गळून गेले नाही, कारण ते गळले असते तर पुराणाला आरंभच उरला नसता. रूप उसने घेतले की त्या रूपाची अट पाळावी लागते.

याच शतकाच्या मध्यावर युरोपात दुसऱ्या एका उसन्या रूपाने असाच हट्ट धरला. जानेवारी १६४९ मध्ये इंग्लंडच्या लष्करी पक्षाने पहिल्या चार्ल्स राजाचा खटला चालविला. निकाल ठरलेला होता. पण रूप न्यायालयाचे घेतले म्हणून आरोपीला बोलू द्यावे लागले, आणि कोणत्या अधिकाराने तुम्ही मला येथे आणले आहे, हा त्याचा प्रश्न कारकुनांना लिहून घ्यावा लागला. ३० जानेवारीला त्याचे मस्तक उडविले गेले. प्रश्न मात्र कागदावर राहिला. ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आम्हा लोकांना यासाठी लंडनपर्यंत जाण्याचे कारण नाही. औरंगजेबाचा भाऊ मुराद याच किल्ल्यात कैदेत होता. त्याने १६५७ साली अली नकी या आपल्या दिवाणाला मारले होते. चार वर्षांनी त्या खुनाची फिर्याद उभी केली गेली. अली नकीच्या थोरल्या मुलाने सूड मागण्यास नकार दिला, म्हणून दुसरा मुलगा पुढे आणला गेला. काझीने निर्णय दिला आणि डिसेंबर १६६१ मध्ये मुरादचा वध झाला. शरियतीचे रूप अक्षरशः पाळले गेले. त्यामुळेच थोरल्या मुलाचा नकारही इतिहासात नोंदला गेला. सतराव्या शतकातील सत्ता कायद्याचे किंवा धर्मग्रंथाचे वस्त्र अंगावर घेतल्यावाचून हालत नसे, आणि त्या वस्त्राच्या शिवणीत परपक्षाचे चार धागे राहून जात.

आता १६४९ ची आवृत्ती घेऊ. तिच्या आदल्याच वर्षी वेस्टफालियाच्या तहाने तीस वर्षांचे युद्ध संपले. त्या तहाने जुने सूत्र मोडले नाही, पण त्याची धार बोथट केली. १ जानेवारी १६२४ या दिवशी जिथे ज्या पंथाची उपासना चालू होती तिथे ती चालू राहावी. आणि राजाचा पंथ न मानणाऱ्यालाही स्वतःच्या घरात निर्वेधपणे प्रार्थना करू द्यावी, असे ठरले. पोप दहाव्या इनोसंटने या कलमांचा निषेध केला. हॅब्सबर्ग घराण्याच्या खास मुलखात त्यांचा लाभ फारच थोड्यांना मिळाला, आणि समुद्रापलीकडे तर ती गेलीच नाहीत. गोव्यातील हिंदूला घराचे दार लावूनही संस्कार करण्याची मुभा नव्हती. मुंजी-लग्नांसाठी नदीपलीकडे जावे लागे. युरोपातील इतिहासकार १६४८ हे वर्ष धर्मसहिष्णुतेचा उंबरठा म्हणून सांगतात. तो उंबरठा त्यांच्या घराचा होता.

पोर्तुगालपुरते पाहिले तर या दशकाची कहाणी अधिक गुंतागुंतीची आहे. १ डिसेंबर १६४० रोजी लिस्बनने स्पेनचे जू झुगारले आणि चौथा जुआंव राजा झाला. स्टीफन्सने रचलेले कोकणीचे व्याकरण राशोलला याच वर्षी छापले गेले, हा निव्वळ योगायोग. पण स्मरणात ठेवण्याजोगा. रोमने या नव्या राजाला मान्यता दिली नाही. जवळजवळ तीस वर्षे पोर्तुगीज मुलखातील बिशपांच्या नेमणुका अडून राहिल्या. गोव्याच्या आर्चबिशपचे आसन १६५२ पासून १६७५ पर्यंत रिकामे होते. डचांनी १६४१ मध्ये मलाक्का घेतले, १६५६ मध्ये कोलंबो आणि १६६३ मध्ये कोचीन घेतले. मधल्या तहकुबीच्या काळात १६४९ ची आवृत्ती निघाली. ऑक्टोबर १६५३ मध्ये गोव्यातील सरदारांनी खुद्द व्हाइसरॉयला, ओबिदुशच्या काउंटला, पदच्युत करून ब्राश द काश्त्रु याला गादीवर बसविले. तिसरी आवृत्ती निघाली ती या बंडखोराच्या अमदानीत. म्हणजे ज्या राज्याच्या धर्मासाठी देवळे पाडली त्या राज्याचा राजा पोपला अमान्य, राजधानीत आर्चबिशप नाही, आणि व्हाइसरॉय बंडखोर. १६५४ च्या राशोलात धर्मसत्ता आणि राजसत्ता यांपैकी एकही धडपणे उभी नव्हती. उभे होते ते पुराण आणि त्याचे श्रोते.

या श्रोत्यांपैकीच एकाची हकीकत येथे सांगितली पाहिजे. दिवाडी बेटावर ब्राह्मण घराण्यात जन्मलेला मातेउश द काश्त्रु हा क्रिस्ती झाला होता. तो गोऱ्यांच्या बरोबरीने पाद्री होऊ पाहत होता. गोव्याच्या धर्माधिकाऱ्यांनी त्याला दीक्षा नाकारली. तो रोमला गेला. पोपने १६२२ साली स्थापलेल्या धर्मप्रसार-मंडळाला पोर्तुगीज राजाचा मक्ता मोडावयाचाच होता. त्याने काश्त्रुला १६३७ मध्ये बिशप केले. गोव्यात त्याला थारा मिळाला नाही. मग त्याने कोठे मुक्काम केला? डिचोलीस, आदिलशाही मुलखात! ज्या वाटेने आपले देव गेले, त्याच न्यायाने हा क्रिस्ती बिशपही शेजारच्या सुलतानाच्या आश्रयास गेला. तेथून त्याने १६५३ मध्ये ब्राह्मणांचा आरसा अशा अर्थाच्या नावाचे पत्रक लिहून गोव्यातील क्रिस्ती ब्राह्मणांना पोर्तुगीजांविरुद्ध उठण्यास चेतविले, आणि १६५४ मध्ये विजापूरच्या फौजा बार्देश-सासष्टीत उतरल्या. उठाव फसला. परंतु १६१६ च्या पुराणातला श्रोता नम्रपणे विचारतो की आमची पुराणे गेली, आता दुसरे द्या. आणि सदतीस वर्षांनी त्याच वर्गातील दुसरा मनुष्य विचारतो की धर्म तुमचा घेतला, आता अधिकार का देत नाही? या दोन प्रश्नांमधील अंतर एका पिढीचे आहे. १६५४ ची आवृत्ती हाती घेणारा सासष्टीकर वाचक दोन्ही प्रश्न ऐकून होता. या वाचकाला त्याच्याच भाषेतील, त्याच्याच अभिरुचीच्या पुराणाने धरून ठेवण्याची गरज संघाला तेव्हा विशेष भासली असावी, असा माझा तर्क आहे. कागदोपत्री पुरावा म्हणून मी तो मांडत नाही.

काव्य म्हणून या ग्रंथाची योग्यता काय? एकनाथांनी ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत १५८४ साली सिद्ध केली तेव्हा स्टीफन्स सासष्टीत होता. त्याची ओवी त्या परंपरेतील आहे, आणि ती उसनी वाटत नाही. बायबलातील कथा सांगताना, विशेषतः माता आणि पुत्र यांच्या प्रसंगांत, तिला मार्दव येते. पण मोठा भाग कथनाच्या नेटाने पुढे ढकललेला आहे. मूर्तिपूजेच्या खंडनाच्या जागी कवी दूर होतो आणि वादी पुढे येतो, तेव्हा ओवीची लय तीच राहूनही तिच्यातला ओलावा आटतो. ज्ञानेश्वर-एकनाथांच्या पंक्तीस त्याला बसविणारे आणि केवळ प्रचारक म्हणून दाराबाहेर ठेवणारे, दोघेही अतिरेक करतात. मध्यम प्रतीच्या आपल्या अनेक आख्यानकवींहून त्याची भाषा अधिक सावध आहे, कारण ती शिकून घेतलेली आहे. बांधवाला १५८३ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने येथील भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचे नमूद केले होते, यावरून त्याचा कान कसा होता हे कळते. पण त्याच वर्षी जुलैत कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच पाद्री मारले, त्यांची प्रेते मिळविण्याच्या कामात तो होता, आणि त्यानंतर कुंकळ्ळीच्या गावकऱ्यांना बोलणीसाठी असोळणेच्या किल्ल्यात बोलावून विनाचौकशी मारले गेले, हेही त्याच्या भोवती घडले. ज्याचा कान एवढा तीक्ष्ण, त्याच्या काव्यात या दुसऱ्या हत्येविषयी एक हुंकारही नसावा, हे मला त्याच्या सर्व गुणांनंतरही बोचते.

भाषेच्या वादात या ग्रंथाला दोन्ही बाजू साक्षीला बोलावतात, म्हणून एक शब्द. स्टीफन्सने १६२२ मध्ये छापली गेलेली प्रश्नोत्तरी कोकणीत लिहिली, कोकणीचे व्याकरण रचले आणि पुराण मराठीत रचले. शिकवण घरच्या बोलीत, पुराण ग्रंथाच्या भाषेत, हा विवेक त्याने सासष्टीतील लोकांच्याच व्यवहारातून उचलला होता. या नियतकालिकाच्या वाचकांना त्यात नवल वाटू नये; आपणही तेच करतो.

लिपीचीही कथा आहे. ग्रंथ नागरी लिपीत छापता यावा अशी त्याची इच्छा होती. संघाच्या प्रमुखाला १६०८ मध्ये लिहिलेल्या पत्रात त्याने अडचण सांगितली : चोवीस अक्षरांच्या जागी सुमारे सहाशे साचे पाडावे लागतील. ते पडले नाहीत आणि पुराण रोमन अक्षरांत छापले गेले.

पुढे सत्तेला ही भाषाच नकोशी झाली. संभाजीराजांची १६८३ च्या अखेरीची स्वारी ओसरल्यावर आल्व्होरचा काउंट फ्रांसिश्कु द ताव्होरा या व्हाइसरॉयने २७ जून १६८४ रोजी फर्मान काढले की तीन वर्षांच्या आत लोकांनी देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. गोव्यातील जुना छापखाना तर त्याआधीच, १६७४ च्या सुमारास, थंडावला होता. नंतर १८२१ पर्यंत गोव्यात एकही छापखाना नव्हता. ज्या संस्थेने आपल्या पोथ्या वर्ज्य केल्या तिच्याच पाद्र्यांनी अभ्यासासाठी रोमन अक्षरांत उतरवून घेतलेल्या रामायण-महाभारताच्या कथा आणि कृष्णदास शामाचे १५२६ चे कृष्णचरित्र आज पोर्तुगालमधील ब्रागा येथील ग्रंथालयात आहेत. उलट त्या पाद्र्यांनी छापलेल्या क्रिस्तपुराणाच्या तिन्ही आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ उरला तो हस्तलिखितांतून. गोव्यातून कानडा मुलखात स्थलांतर केलेल्या क्रिस्ती कुटुंबांनी रोमन अक्षरांत नकला करून तो जपला आणि उपवासकाळात घरोघरी गाइला. त्यांच्याच प्रतींवरून जोसेफ साल्दान्य यांनी १९०७ साली मंगळुरास तो पुन्हा छापला. शांताराम बंडेलू यांची नागरी आवृत्ती पुण्यास १९५६ मध्ये निघाली, कारिदाद द्रागु यांची १९९६ मध्ये. लंडनमध्ये मार्सडेन संग्रहात नागरी लिपीतील जी प्रत आहे, तिचा आणि छापील पाठाचा संबंध कसा लावावा याविषयी अभ्यासकांत एकमत नाही.

लष्करात आमच्याकडे शिंद्यांच्या फौजेबरोबर आलेल्या सारस्वत घराण्यांची आठवण अद्याप आहे. जिवबादादा बक्षी मूळचे पेडणे महालातील केरीचे. या मंडळींनी कुलदैवताचा टाक बरोबर आणला, तसाच कानडातील क्रिस्ती गृहस्थांनी हा ग्रंथ नेला. ज्यांच्या हाती द्रागु यांची किंवा बंडेलूंची आवृत्ती असेल त्यांनी मराठीच्या स्तुतीची पाने ओलांडून त्या ब्राह्मण श्रोत्याच्या प्रश्नापाशी थांबावे आणि पाद्री-गुरू त्याला काय उत्तर देतो ते स्वतः वाचावे. आपली पुराणे का वर्ज्य केली, या भागाला ते उत्तर किती पुरते, हे मी येथे मुद्दाम सांगत नाही.